कोकणातलं जुनं घर रिकामं करताना: माळ्यापासून गोठ्यापर्यंत

कोकणातल्या मोठ्या घरात अडगळ साचते ती हौसेपोटी क्वचितच. घराच्या असेसमेंटवर (घरपट्टीच्या नोंदीत) पाच नावं असतात, त्यांतली चार मुंबई-ठाण्यात. तिकडे खोली बदलली की जुना सोफा, मिक्सर, डब्यासारखा टीव्ही टेम्पोत घालून गावी येतो, कारण "गावाला जागा आहे". पुढे त्यातली एकही वस्तू टाकायचा अधिकार कुणालाच नसतो. थोरले म्हणतात धाकट्याचं आहे, धाकटे म्हणतात काकींना विचारा. म्हणून अशा घराची सफाई झाडूनं सुरू करायची नाही. आधी वस्तू कुणाची आणि ती टाका म्हणणार कोण, हे ठरवायचं. जी घरं अर्ध्यावर सोडून लोक परत जातात, त्यांतली बरीचशी इथेच अडकलेली असतात.

वेळ कुठली धरावी

सगळं मे महिन्यात उरकू असं ठरवलं की फसतं. मे महिन्यात आंबा, काजू, लग्नं एकदम येतात, गडीमाणूस मिळत नाही आणि २५ तारखेनंतर वळवाच्या सरी कधीही येऊन अंगणात मांडलेलं भिजवतात. ७-८ जूनला मृग. त्यामुळे काम दोन फेऱ्यांत वाटावं. शिमग्याला आलात की दोन दिवस फक्त फोटो, यादी आणि कागदपत्रं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सलग चार ते सहा दिवस प्रत्यक्ष उपसा, त्यासाठी दोन गडी शिमग्यालाच सांगून ठेवायचे. गणपतीत काहीही काढायला जाऊ नये. घरात वीस माणसं, बाहेर पाऊस, आणि माळ्यावरून उतरवलेली वस्तू ठेवायला कोरडी जागा नाही, त्यामुळे ती पडवीतच राहते आणि पुढच्या मेपर्यंत तिथेच असते.

शिमग्याचे दोन दिवस: परवानगी आणि कागद

प्रत्येक खोलीचे चारही बाजूंनी फोटो काढा. मोठ्या वस्तूवर खडूनं क्रमांक घाला, तोच क्रमांक वहीत. ही यादी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून १५ दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर वस्तू जाईल, हे सगळ्यांकडून आधीच कबूल करून घ्यायचं. मात्र कागदपत्रं, देवघर, तांब्या-पितळेची भांडी, झोपाळा आणि कोरीव दारं यांना हा नियम लावू नका. त्यांना प्रत्येकाचा स्पष्ट होकार हवा, नाहीतर पुढची दहा वर्षं गणपतीत तेच ऐकावं लागतं.

एक अट मात्र अजिबात सोडू नका. जो "ठेवा" म्हणेल त्याने ती कुठे ठेवायची आणि कधी नेणार हेही सांगायचं. नुसतं "राहू दे" चालणार नाही. ही अट घातली की निम्म्या वस्तूंवरचा जीव आपोआप उडतो.

भांड्यांबाबत मालकीचा पुरावा बहुतेक वेळा भांड्यावरच असतो. हंडा, कळशी, परात, तपेलं यांच्या काठावर किंवा बुडाशी नाव घातलेलं असतं, कधी साल आणि गावही. काजळी चढलेली असेल तर चिंचेच्या कोळानं घासून वाचा. सासरच्या नावाची भांडी घरची. माहेरच्या नावाची किंवा बाईच्या नावानं आलेली तिची किंवा तिच्या मुलांची, असं धरून चाललं की वाद कमी होतात.

आता कागद. पत्र्याच्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात, तुळईच्या खाचेत खोचलेल्या नळकांड्यात, कॅलेंडरच्या मागे, सगळीकडे बघायचं. कसरीनं खाल्लेला दिसतो म्हणून एकही गठ्ठा चुलीत जाऊ देऊ नका. कायम जपायचं ते असं: खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, फेरफार, कुळकायद्याचे आणि खोतीच्या (खोत सारा गोळा करायचा त्या) काळातले कागद, मोडीतलं काहीही, जन्ममृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले. मुंबई खोती निर्मूलन कायदा १९४९ चा आहे. त्याच्या आगेमागे झालेल्या नोंदींवरून जमिनीचे वाद आजही चालू असतात, आणि त्यात घरातली एखादी जुनी पावती उपयोगी पडते.

जातीची नोंद असलेला जुना कागद तर सोन्यासारखा सांभाळा. जात पडताळणीत इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखांच्या आधीचा पुरावा महत्त्वाचा धरला जातो. आजोबांचा शाळेचा दाखला नातवाच्या प्रवेशाला लागतो तो यासाठी.

सातबाऱ्याचं थोडं वेगळं. अलीकडच्या संगणकीय प्रती टाकल्या तरी चालतात, कारण डिजिटल सहीचा उतारा कधीही काढता येतो. हस्तलिखित सातबारा मात्र ठेवा. संगणकावर चढवताना नाव किंवा क्षेत्र चुकलं असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनचूक दुरुस्त करून घेताना तोच दाखवता येतो. वीजबिलं आणि घरपट्टीच्या पावत्यांतली प्रत्येक वर्षाची एक आणि घरात असलेली सगळ्यांत जुनी ठेवावी, बाकीच्या गेल्या तरी हरकत नाही.

दमट कागद उन्हात वाळवू नका, वाकडा होतो आणि शाई उडते. पडवीच्या सावलीत, वारा येईल अशा जागी सुटे पसरा आणि वर छोटे दगड ठेवा. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून वेगळे केले की चेहराच निघून येतो. ते तसेच वेगळ्या पाकिटात ठेवून जाणकाराकडे न्या. जुना कागद लॅमिनेट करू नये. आतली ओल बाहेर पडत नाही, शिवाय मूळ कागद तपासायची वेळ आली तर तो प्लॅस्टिकमधून सोडवता येत नाही. मोबाइलवर सरळ वरून फोटो काढा, दोन घरांत प्रती ठेवा.

हत्यारं, आणि आत राहणारे इतर

सामान साधं आहे: कपाळावर बांधायची बॅटरी, जाड चामडी हातमोजे, गमबूट, एन-९५ मास्क, टोकाला आकडी असलेली चार फुटी काठी, १२ बाय १८ फुटांच्या तीन ताडपत्र्या, ५० किलोपर्यंतचा टांगता काटा, २०-२५ रिकाम्या गोणी, दोर आणि टोपली.

हातमोजे आणि बूट धुळीसाठी नाहीत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप कोकणात आहेत. त्यांतलं फुरसं जांभ्याच्या कातळावर आणि चिऱ्यांच्या ढिगात भरपूर. ते जेमतेम फूटभर असतं, म्हणून लोक त्याला हलक्यात घेतात. अंगाची वेटोळी घासून करकर आवाज करतं. तो आवाज आला की हात जागीच थांबवा आणि मागे सरका. चिरा, कौल किंवा फळी उचलताना तिची पलीकडची कड आपल्याकडे ओढून उचलायची, म्हणजे खाली जे असेल त्याच्या आणि आपल्या मध्ये ती वस्तू राहते. आपल्याकडची कड उचलली तर आपण थेट त्याच्या तोंडासमोर. ढीग एका बाजूनं काढत जा, दुसरी बाजू मोकळी ठेवा, जनावराला वाट मिळाली की ते आपणहून जातं. गोणीत किंवा बुटात हात-पाय घालण्याआधी ती उलटी करून आपटा. विंचू तिथेच असतो.

साप चावल्यास कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काही करू नका. तो भाग हलवू न देता १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम, उलटी, छातीत धडधड सुरू झाली तरीही थांबायचं नाही. या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे रुळलं. ते वेळेत मिळालं तर जीव वाचतो. काम सुरू करण्याआधीच जवळच्या आरोग्य केंद्रात सापावरची लस आहे का, हे विचारून ठेवावं.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारायचा नाही. एक लिटर पाण्यात ताजी ब्लीचिंग पावडर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे सपाट तीन चमचे, कालवून शिंपडा. दहा मिनिटं मुरू द्या आणि मग ओल्या फडक्यानं उचला. हे पाणी संडास साफ करण्याच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. पितळेवरही लागू देऊ नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरला उंदरांच्या जागेत काम केल्याचं आवर्जून सांगा. लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) इकडे नवीन नाही, पण सांगितलं नाही तर साधा ताप म्हणून दोन दिवस वाया जातात.

मे महिन्यातला क्रम

बाहेरून आत या. आधी गोठा आणि खोपी, मग पडवी, मग माळा, शेवटी माजघर. माळ्यानं सुरुवात केली तर उतरवलेलं सामान ठेवायला खाली जागा नसते. सकाळी सात ते साडेदहा आणि संध्याकाळी चार ते सहा, एवढंच काम. काळोख पडल्यावर ढिगात हात घालायचा नाही, मण्यार रात्रीच फिरतो.

तीन ताडपत्र्या अंगणात: राहणार, जाणार, विचारायचं. तिसरीवर वस्तू फार झाल्या तर काम अडलं असं समजा. त्या रोज संध्याकाळी फोनवर निकालात काढा, रात्रभर ठेवू नका.

गोठ्यात धोका कीटकनाशकांचा. आंब्याच्या फवारणीच्या अर्धवट बाटल्या वर्षानुवर्षं वळचणीला खोचलेल्या असतात, लेबल गेलेलं असतं. कुठे एंडोसल्फानही सापडेल, ज्यावर २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. या बाटल्या विहिरीकडे, पऱ्यात (ओढ्यात) किंवा खतखड्यात ओतायच्या नाहीत, जाळायच्याही नाहीत. उभ्याच एका प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवून भोवती कोरडी माती भरा, झाकण लावा, वर "विष" लिहा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून पुढचं ठरवा. रिकाम्या डब्यांना तळाला भोक पाडा, नाहीतर त्यात कुणीतरी रॉकेल किंवा पाणी भरतंच. दगड झालेलं मोरचूद फवारणीला घेऊ नये, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं फवारणीचं मिश्रण) नीट होत नाही.

सोडणं (नारळाच्या साली), झावळ्या, जळवण यांचा ढीग घराच्या भिंतीला टेकलेला असेल तर वाळवी तिथूनच वाशांत चढते. पावसाळ्याच्या चार महिन्यांना लागेल तेवढंच ठेवा आणि तेही भिंतीपासून हातभर दूर, चिऱ्यांवर आडवे वासे टाकून. आता पाणी गॅसवर किंवा गीझरवर तापत असेल तर एवढं जळवण कशाला लागतं, हे एकदा घरच्या बाईला विचारावं. उत्तर बहुतेक "पडलेलं फुकट कशाला घालवायचं" असंच येतं.

पडवीतल्या आंब्याच्या जुन्या लाकडी पेट्या तपासताना ठोकून बघा. पिठासारखी भुकटी पडली तर कीड लागलेली आहे, आणि तीच कीड दाराच्या चौकटीतही जाऊ शकते. अशा पेट्या ताबडतोब घराबाहेर काढून जळणात घालाव्यात. बांबूच्या करंड्यांचंही तसंच.

माळ्यावर चढण्याआधी खालून काठीनं फळ्या टोका. पोकळ आवाज येतो तिथे वाळवीनं आतून खाल्लेलं असतं. पाय फक्त तुळईवर पडेल असं चाला, किंवा सहा फुटी जाड फळी दोन तुळयांवर आडवी टाकून तिच्यावर बसून काम करा. वर दोघं, खाली दोघं. सामान टोपलीत घालून दोरानं सोडा. वरून फेकलं की धूळ सगळ्या घरात बसते आणि बरणी फुटते ती फुटतेच.

माळ्यावरची जुनी मंगलोरी कौलं सगळी टाकू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडापासून दापोली-मंडणगडापर्यंत छपरं उडाली तेव्हा नवी कौलं मिळेनात. मिळाली तीही जुन्यांवर बसेनात, कारण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. एक चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. १०० चौरस मीटर छपराला १५००, त्याच्या पाच टक्के म्हणजे ७५. थोडी जास्त धरून १०० साधी आणि १० आढ्याची, एकाच छापाची आणि न तडकलेली, अंगणाच्या कडेला उभी लावून ठेवा. बाकीची वजनानं माळा वाकवत बसलेली असतात. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर कोरडे फोडू नका, त्यात ॲसबेस्टॉस असू शकतं. ओले करून अख्खेच उतरवा.

थर्माकोलची मखरं हा गेल्या तीसेक वर्षांचा साठा. २०१८ च्या राज्याच्या बंदीनंतर सजावटीचं थर्माकोल बाद झालं, पण माळ्यावरचं तिथेच राहिलं. गावात त्याची विल्हेवाट लावायची सोय नसते. जाळलं तर काळा धूर, पऱ्यात टाकलं तर जुलैत मोरी तुंबते. ज्या टेम्पोनं मुंबईहून आलं त्याच टेम्पोनं परत न्यावं, हा आमचा आग्रह. जुना टीव्ही, ट्यूबलाइट, बॅटऱ्या यांनाही हेच लागू. टीव्हीची काच फोडू नका, तिच्यात शिसं असतं. बंद पडलेला फ्रिज काढायला वेळ लागणार असेल तर आधी त्याचं दार काढून ठेवा, मुलं लपायला आत शिरतात.

भंगारवाला शेवटी

भंगारवाल्याला माळ्यावर चढू देऊ नका आणि पहिल्या दिवशी बोलावू नका. आधी धातू वेगळे करा. लोहचुंबक चिकटलं तर लोखंड, वरून पितळी मुलामा असला तरी. तांबं लालसर. पितळ पिवळं, पण आतून कल्हई असेल तर पांढरं दिसतं, म्हणून बाहेरचा काठ घासून बघा. काशाच्या ताटाला बोटानं टिचकी मारली की लांब घुमणारा आवाज येतो. ते पितळेच्या ढिगात जाऊ देऊ नका. जर्मनची (ॲल्युमिनियमची) भांडी वेगळी, स्टील वेगळं, पत्रा वेगळा. बंबाची लोखंडी जाळी आणि पाय काढून टाका, नाहीतर "लोखंड आहे" म्हणून तो हवं तेवढं वजन कापतो. प्रत्येक गोणी आपल्या काट्यावर तोलून आकडा वहीत आणि गोणीवर लिहा. मग दोन भंगारवाल्यांना बोलवा, एकाच दिवशी.

प्रत्येक डबा उघडून, गोणीत हात घालून नव्हे तर ताडपत्रीवर रिकामी करून बघा. भाताच्या कणगीत, मसाल्याच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात पैसे आणि दागिने निघतात. ८ नोव्हेंबर २०१६ ला रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा सापडल्या तर बदलून मिळत नाहीत. २०१७ च्या कायद्यानं दहापेक्षा जास्त नोटा बाळगणं गुन्हा आहे, अपवाद अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी २५ पर्यंत. २००० ची नोट १९ मे २०२३ ला चलनातून मागे घेतली असली तरी रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात ती अजून देता येते.

जुनी दारं, कड्या-कोयंडे, झोपाळ्याच्या पितळी साखळ्या यांच्यासाठी दारावर येणाऱ्या माणसाला पहिल्या भेटीत काही विकू नका. फोटो द्या, भाव ऐका, पाठवून द्या.

देवघरातले फाटलेले फोटो हे सगळ्यांना अवघड जातं. काच आणि चौकट वेगळी काढा. कागद पाण्यात भिजवून लगदा करून तुळशीच्या किंवा माडाच्या मुळाशी पुरा. मातीच्या भग्न मूर्ती बादलीत विरघळवा. धातूच्या मूर्ती घराण्यातल्या दुसऱ्या देवघरात जाऊ शकतात. पिंपळाखाली नेऊन ठेवणं म्हणजे आपली अडगळ गावाच्या अंगणात ठेवणं.

घरात म्हातारं माणूस राहत असेल तर

वरचं सगळं बंद घरासाठी. आत आजी राहत असतील तर वेग चौथाईवर आणा. तेलाचे रिकामे डबे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सुतळीचे तुकडे, जुनी लुगडी यांना त्यांच्या हिशेबात किंमत आहे, आणि ज्या काळात त्यांनी घर चालवलं त्या काळात ती खरीच होती. "काय हा कचरा" हे वाक्य तोंडातून गेलं की त्या दिवशीचं काम संपलं. आकडा ठरवा: "आजी, डबे किती ठेवूया, बारा?" आणि कुठले बारा ते त्यांनीच निवडायचं. लुगडी असतील तर चार-पाचांची एक वाकळ होते, तेवढ्या वेगळ्या काढा. शिवून देणाऱ्या बाईचं नाव ठरेपर्यंत मात्र त्या कपड्यांना "वाकळीसाठी" म्हणायचं नाही. आजी रुग्णालयात असताना मागच्या मागे घर साफ करणं हा सर्वांत वाईट मार्ग. विश्वास जातो आणि पुढचा साठा दुप्पट वेगानं होतो, आता कुलपात.

काही ठिकाणी ही काटकसर नसते. चूल पेटवायला, न्हाणीत जायला, पाय पसरून झोपायला जागा उरलेली नाही, आणि फुटका डबा टाकायचा म्हटला तरी माणूस घाबरंघुबरं होतं, रडतं, अशी स्थिती असेल तर तो आजार असू शकतो. २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात साठवणुकीच्या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. उपचार बोलण्याचे, हळूहळू टाकायची सवय लावण्याचे असतात आणि महिने घेतात. आयुष्यभर नीटनेटकं राहिलेलं माणूस सत्तरीनंतर अचानक कचरा जमवू लागलं तर स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्या. रत्नागिरीत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

राहिलेलं पावसाळ्यासाठी बंद करताना

ट्रंका आणि कपाटं जमिनीपासून अर्धा फूट वर चिऱ्यांवर, भिंतीपासून अर्धा फूट पुढे. जांभ्याची भिंत ओल ओढते आणि टेकलेल्या पाठीला बुरशी धरते. पत्र्याच्या ट्रंकेच्या बिजागऱ्यांना खोबरेल किंवा ग्रीस लावा, खाऱ्या हवेत एका पावसात गंज चढतो. कपडे कडक उन्हात दोन दिवस वाळवून, पूर्ण थंड झाल्यावरच आत घाला. गरम कपडे ट्रंकेत कोंडले की आतच दव धरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधण्यापेक्षा जुन्या सुती धोतरात गुंडाळलेलं जास्त टिकतं. डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी. कापसाच्या गाद्या गुंडाळून जमिनीवर ठेवू नका, दांडीवर टाका. चालू फ्रिज बंद करून जाणार असाल तर पुसून दारात लाकडाचा तुकडा अडकवा.

गणपतीत आलात की ट्रंका उघडून नाकानं तपासा. कुबट वास आला तर सगळं बाहेर काढा आणि पावसाची उघडीप मिळेल त्या दिवशी पडवीत पसरा. आणि चाकरमान्यांच्या टेम्पोतून या खेपेला काय उतरतंय, तेही दारात उभं राहून बघा.